कचऱ्याचा रकाना

मोजणीबाई म्हटलं की नवख्या माणसाला वाटायचं, या जमीनमोजणीच्या खात्यातल्या असणार. एकदा एक गृहस्थ कुंपणाच्या भांडणाचा नकाशा घेऊन थेट त्यांच्या टेबलापाशी येऊन बसले. बाईंनी नकाशा नीट उलगडून पाहिला, तुमचा शेजारी लबाड दिसतो असं मत दिलं आणि मग सांगितलं, "पण मी जमीन नाही मोजत. मी कालवांचं रक्त मोजते." गृहस्थांनी नकाशाची घडी घातली आणि मागे न बघता जिना उतरले.

कालवांना रक्त असतं हे लोकांना पटतच नाही. दोन दगडी शिंपल्यांच्या मधला तो ओला, थंड गोळा. त्याला कसलं आलंय रक्त? बाईंनी एकोणतीस वर्षं या प्रश्नाला तोंड दिलं होतं आणि त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. असतं. लाल नसतं, एवढंच. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळसर असतं आणि त्याच्या एकेका थेंबात हजारो पेशी असतात. काहींच्या पोटात बारीक दाणे भरलेले, काही अगदी नितळ. जंतू शिरला की या पेशी त्याच्यावर धावून जातात, त्याला कवेत घेतात आणि गिळून टाकतात. जखम झाली की एकमेकींना घट्ट धरून भोक बुजवतात, कारण हे रक्त आपल्या रक्तासारखं गोठत नाही. एकदा भेटलेल्या शत्रूची ओळख वर्षानुवर्षं जपून ठेवणारी आपल्यासारखी यंत्रणाही कालवांकडे नाही. पळता येत नाही, औषध नाही, डॉक्टर नाही. जे काही आहे ते या पेशींच्या जिवावर.

"आणि एवढ्यावर ती समुद्रात टिकून राहतात," बाई म्हणायच्या. "तुम्हाला साधी सर्दी झाली तर तीन दिवस रजा टाकता."

बाई कामाला होत्या ते कालवांच्या पैदाशीचं केंद्र होतं. खाली पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये सिमेंटच्या चौदा टाक्या, त्यांत दिवसरात्र खेळतं खारं पाणी, पंपांची घरघर, आणि कधीच न सुकणारी फरशी. इथे कालवांचं बीज तयार व्हायचं आणि किनाऱ्यावरचे लोक ते नेऊन खाडीत वाढवायचे. दर आठवड्याला प्रत्येक टाकीतली काही कालवं काढून, शिंपल्याच्या कडेला कानशीनं खाच पाडून, बारीक सुईनं रक्त ओढायचं. मग ते आखलेल्या काचपट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपमधून एकेक पेशी मोजायची. डावा डोळा मिटलेला, उजवा भिंगाला लावलेला आणि उजव्या अंगठ्याखाली काउंटर. एक पेशी, एक टक. या टकटकीनं बाईंच्या अंगठ्याला घट्टा पडला होता आणि त्या तो लोकांना अंगठी दाखवावी तसा दाखवायच्या.

त्यांची सुरुवात मात्र कालवांपासून झाली नव्हती. बाविसाव्या वर्षी त्या रेशीमकिड्यांच्या एका केंद्रात लागल्या. तिथल्या प्रमुख, ज्यांना त्या आयुष्यभर 'मोठ्या बाई' म्हणत आल्या, एकदा कुंपणावरचा एक जाडजूड सुरवंट घेऊन आल्या. या सुरवंटाला गांधीलमाशीच्या जातीतल्या एका बारीक माशीनं टोचून त्याच्या अंगात अंडं घातलं होतं. अंड्यातून अळी निघते आणि सुरवंटाला आतून खाऊन टाकते, असा रिवाज. मोठ्या बाईंनी सुरवंट उघडला. आत तिळाएवढा एक काळाकुळकुळीत मणी होता.

"हेच ते अंडं," मोठ्या बाई म्हणाल्या. "गिळता येईना एवढं मोठं. म्हणून रक्तातल्या पेशी थरावर थर देत त्याला चिकटल्या, काळ्या पडल्या आणि त्याला आतल्या आत कोंडून मारलं."

त्या दिवसांत बाईंच्या घरी या बाविशीतल्या मुलीची नोकरी सोडवायची बोलणी चालली होती. लग्न ठरत आलं होतं आणि सगळ्यांनी मिळून सगळं ठरवून टाकलं होतं. त्या संध्याकाळी मुलगी घरी गेली आणि नोकरी सोडणार नाही, असं तिनं पायातल्या चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. घरात चार दिवस कुणी तिच्याशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी बोलायला लागले. लग्नही झालं आणि नोकरीही राहिली. तो काळा मणी बाईंनी मागून घेतला होता. तो अजून त्यांच्या टेबलाच्या खणात एका छोट्या बाटलीत आहे.

आता वन्संबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट लंगडी पडेल. वन्सं म्हणजे बाईंची थोरली नणंद. बाईंचे यजमान जहाजावर इंजिन सांभाळायचे, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे संसार खरा या दोघींचाच. वन्सं खाडीतल्या कालवांच्या वाफ्यांवर निवड करायच्या. दोन कालवं हातात घेऊन एकमेकांवर आपटायची आणि आवाज ऐकायचा. जिवंत कालव गच्च मिटलेलं असतं, ते दगडावर दगड आपटावा तसं भरीव वाजतं. मेलेलं, नाहीतर मरायला टेकलेलं, पोकळ वाजतं. वन्संचे हात इतके भराभर चालायचे, की लांबून ऐकणाऱ्याला वाटावं कुणीतरी पत्र्यावर खडे टाकतंय.

अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात खाडीचं पाणी तापलं आणि साथ आली. तापलेल्या पाण्यात कालवांच्या पेशी ढिल्या पडतात, जंतू मात्र माजतात. तीन आठवड्यांत खाडी पोकळ वाजायला लागली. वाफे सोडून लोक निघून गेले. वन्सं मात्र रोज ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायच्या आणि बाई रजा टाकून त्यांच्याबरोबर. एक जण वाजवायची, दुसरी टोपली धरायची. हजारात एक भरीव निघायचं. सव्वा महिन्यात दोनशे सोळा कालवं जमली. साथीतून तगलेली, अंगावर बोट टेकायलाही गुळगुळीत जागा नाही अशी खडबडीत. ती टाकी क्रमांक सातमध्ये गेली आणि पुढे खाडीत जे काही पुन्हा उभं राहिलं ते सगळं त्या दोनशे सोळांच्या पोटचं. वन्संचे गुडघे त्या चिखलात कायमचे गेले. त्या आता खिडकीपाशी खुर्चीवर असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीवरून त्याची प्रकृती सांगतात.

त्याच वर्षी बाईंनी केंद्रासाठी एक नियम लिहून दिला. एखाद्या टाकीतल्या रक्तपेशी सलग तीन आठवडे ठरल्या आकड्याच्या खाली राहिल्या, तर ती टाकी रिकामी करायची, क्लोरीन टाकून सगळं मारायचं. नाहीतर दुखणं बाकीच्या टाक्यांत जातं. नियम कडक होता आणि बरोबर होता. पुढे तो आपल्याच मानेवर बसेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

गेल्या वर्षी यंत्र आलं. यंत्राबरोबर नवे साहेब आले. साहेब तरुण, सभ्य, आवाज न चढवणारे. माणूस वाईट असता तर बाईंना सोपं गेलं असतं. अंगणापलीकडच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर यंत्र बसलं. बाईंच्या मायक्रोस्कोपवर कापड पडलं आणि बाईंकडे यंत्राच्या छापील कागदांवर सह्या करायचं काम आलं. सेवानिवृत्तीला आठ महिने उरले होते. तेवढे सह्या करून काढावेत, असं सगळ्यांचंच मत पडलं. बाईंचं सोडून.

त्या सोमवारी साहेबांनी कागद पुढे ठेवला. टाकी क्रमांक सात, सलग तिसरा आठवडा, पेशी ठरल्या आकड्याच्या निम्म्यासुद्धा नाहीत.

"बाई, इथे सही हवी. शुक्रवारी सकाळी दहाला टाकी रिकामी करू."

"सात?" बाई म्हणाल्या. "सात शेवटपर्यंत मरणार नाही. तुम्ही आम्ही आधी मरू."

"मला तुमच्या भावना कळतात. पण नियम आहे."

"नियम मला नका सांगू. मीच लिहिलाय तो."

"म्हणून तर तुमची सही."

हे उत्तर बाईंना झोंबलं, कारण त्यात चूक काढायला जागा नव्हती. सही न करता त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि घरी गेल्या.

वन्संनी चहाचा कप हातात घेऊन सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाजवून बघितलीस का?"

"नाही."

"मग काय कागद वाजवत बसली होतीस?"

"वन्सं, यंत्र सांगतंय."

"यंत्राला सांग, गुडघाभर चिखलात ये म्हणावं." वन्संनी कप खाली ठेवला. "अगं, माझे पाय गेले त्या टाकीत. कुणाच्या सहीनं ती संपणार असेल तर तुझ्या नको."

मंगळवारी बाई कुणी यायच्या आत शेडमध्ये गेल्या. सातमधली वीस कालवं काढून दोन-दोन करून वाजवली. वीसच्या वीस दगडासारखी. मग त्यांनी मायक्रोस्कोपवरचं कापड ओढून काढलं, तिथल्या तिथे रक्त काढून लगेच काचपट्टीवर घेतलं आणि मोजायला बसल्या. अंगठा वर्षभर बसून होता, तरी अडखळला नाही. आकडा आला तो ठरल्यापेक्षा चांगला वर.

साहेबांनी तो आकडा पाहिला आणि अतिशय अदबीनं सांगितलं, की डोळा थकतो, यंत्र थकत नाही.

"डोळा थकतो," बाई म्हणाल्या, "पण कमी मोजायला थकतो. जास्त मोजायला कोण थकतं?"

साहेबांनी तो आकडा टिपून घेतला. पण तारीख शुक्रवारच राहिली.

बाईंनी मग वर्षभराचे छापील कागद काढले. पेशींचा रकाना सगळे वाचायचे. त्याच्या उजवीकडे अगदी टोकाला बारीक अक्षरात आणखी एक रकाना होता. त्याचं नाव 'कचरा'. ठरावीक मापापेक्षा मोठं काही नळीतून गेलं की यंत्र त्याला कचरा समजायचं आणि मोजणीतून सोडून द्यायचं. हा रकाना कुणीच वाचत नसे. कचरा कोण वाचणार? बाईंनी वाचला. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत तिथे नाममात्र आकडे होते. मग सगळ्याच टाक्यांचा कचरा वाढायला लागला होता आणि सातचा सगळ्यांत जास्त. जसजशा पेशी उतरल्या, तसतसा कचरा चढला होता.

बाईंच्या जुन्या हस्तलिखित वहीतही शेवटी एक जादा रकाना असायचा. त्याचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, 'घोळका'. काढलेलं रक्त नुसतं पडून राहिलं तर पेशींना वाटतं जखम झाली. त्या एकमेकींना धरतात, गोळा होतात, नळीच्या भिंतीला चिकटतात. बर्फात ठेवलं तर शांत राहतात. घोळके दिसले की नमुना फेकायचा आणि नवा काढायचा, हे बाईंच्या हाताखालचं कुणीही झोपेत सांगू शकलं असतं. वर्षभर यंत्र व्यवस्थित चाललं होतं, म्हणजे बर्फ होता. मग सहा आठवड्यांपूर्वी काय झालं?

बुधवारी त्या नळ्यांच्या ट्रेमागोमाग निघाल्या. ट्रे नेणारे टाकीवाले मामा पन्नाशीचे, बाईंच्या दुप्पट रुंद आणि त्यांना वचकून असलेले. सकाळी आठला पहिलं रक्त सातमधून निघालं. सात आधी, सुई सगळ्यांत स्वच्छ असताना, हा दंडक बाईंनीच घातलेला. नळ्या ट्रेमध्ये उभ्या राहिल्या. मग आठ, मग नऊ, मग बाकीच्या. साडेनऊला मामा ट्रे उचलून अंगण ओलांडून वर गेले. ट्रे कोरडा ठणठणीत होता.

"मामा, बर्फ कुठाय?"

मामा जिन्यातच थांबले. "बर्फ बंद केला ना, बाई."

"कुणी सांगितलं?"

मामांनी ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुम्हीच म्हणालात. नळ्यांवरची लेबलं ओली होऊन पडत होती. तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत, लेबल पडलेली नळी परत दिसली तर तुम्हाला टाकीत बुडवीन म्हणालात. मग मी कोरड्यात ठेवायला लागलो. त्यानंतर एकही लेबल पडलं नाही."

हे शेवटचं वाक्य मामांनी थोड्या अभिमानानं सांगितलं.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांना आठवलं. ते सगळं जसंच्या तसं त्यांच्याच तोंडचं होतं. यंत्र आल्यापासून मनात साठलेला राग त्या दिवशी चार ओल्या लेबलांच्या निमित्तानं मामांवर निघाला होता. सातमधलं रक्त सगळ्यांत आधी निघायचं, म्हणून सगळ्यांत जास्त वेळ कोरडं उभं राहायचं; आणि आठवड्यागणिक ऊन वाढलं तसं ते जास्तच गोळा व्हायला लागलं. आणि सातच्या पेशी होत्याच तशा, जखमेची नुसती शंका आली तरी धावून जाणाऱ्या. त्या दीड तासात त्यांनी एकमेकींना घट्ट धरलं होतं आणि यंत्रानं त्यांना कचऱ्यात काढलं होतं. बाईंना भयंकर लाज वाटली. ती त्यांनी लपवली नाही, मामांसमोरच त्या म्हणाल्या, "मामा, माझं चुकलं." मामांना काय करावं कळेना, त्यांनी ट्रे खाली ठेवला.

गुरुवारी बाईंनी साहेबांना शेडमध्ये बोलावलं. सातमधून रक्त काढलं आणि अर्धं बर्फात ठेवलं, अर्धं कोरड्या नळीत. तास-दीड तास साहेब पंपांच्या घरघरीत स्टुलावर बसून राहिले आणि बाईंनी त्यांना सुरवंटाच्या काळ्या मण्याची गोष्ट सांगितली. मग आधी बर्फातला थेंब दाखवला. पेशी सुट्या, भरपूर. मग कोरड्या नळीतला.

साहेब बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. "हे... सगळ्या एकमेकींना धरून आहेत."

"हो."

"म्हणजे हा कचरा नाही."

"माझ्या वहीत याला घोळका म्हणतात," बाई म्हणाल्या. "आणि घोळका आजारी रक्तात इतका पटकन होत नाही. तुम्ही सगळ्यांत धडधाकट टाकीला मारायला निघाला होतात. मीही निघाले होते, वेगळ्या दारानं."

साहेबांनी वर जाऊन दोन्ही नमुने यंत्रातून काढले. बर्फातल्याचा आकडा बाईंच्या हातमोजणीला जवळजवळ येऊन मिळाला. ते खाली आले आणि खरं सांगायचं तर मोठ्या मनानं आले. शुक्रवारचा हुकूम रद्द. अहवालात आपण 'तांत्रिक कारणामुळे नोंदी सदोष' असं लिहू, म्हणाले. कुणाचं नाव नको, विषय मिटला.

"नाही मिटला," बाई म्हणाल्या. "कसलं तांत्रिक कारण? यंत्र बोलत नाही म्हणून त्याच्यावर ढकलायचं? मी गेल्यावर हा कागद कुणी वाचला, तर त्याला कळायला हवं काय चुकलं. नाहीतर तो पुन्हा हेच करील."

"तुमचं नाव लिहिलं तर सेवापुस्तकात नोंद होईल. आठ महिने राहिलेत, बाई."

"होऊ द्या."

"एकोणतीस वर्षांचं सेवापुस्तक कोरं आहे तुमचं."

"कोऱ्या कागदाचं कसलं कौतुक, साहेब. खरं लिहायला जागा आहे ना त्यात?"

त्यांनी पर्समधून सोमवारचा घडी घातलेला कागद काढला. 'कचरा' या छापील शब्दावर आडवी रेघ मारून वर 'घोळका' लिहिलं. खाली सहीच्या जागी 'सहमत' छापलेलं होतं, त्याच्याआधी 'अ' घातला. आणि शेऱ्याच्या जागेत त्यांच्या उभट, सुट्या अक्षरात लिहिलं: 'रक्त कमी नव्हतं. बर्फ कमी होता. तो माझ्या बोलण्यामुळे बंद झाला. नमुने नेणाऱ्याचा दोष नाही.' आणि सही केली, अशी ठसठशीत की मागच्या बाजूला उमटली.

शुक्रवारी सकाळी दहाला, ज्या वेळी क्लोरीन पडायचं ठरलं होतं नेमकं त्या वेळी, बाई वन्संना गाडीत घालून केंद्रावर घेऊन आल्या. अकरा वर्षांत वन्सं इथे आल्या नव्हत्या; गुडघ्यांचं निमित्त सांगायच्या, पण खरं म्हणजे साथीच्या आठवणीनं तिकडे बघवत नव्हतं. मामांनी खुर्चीसकट त्यांना उचलून टाकीच्या कडेला आणून ठेवलं. वन्संची सावली पाण्यावर पडली, तशी उघडी असलेली सगळी कालवं खटाखट मिटली.

"अजून लोकांवर विश्वास नाही यांचा," वन्सं म्हणाल्या. "चांगलं आहे."

बाईंनी दोन कालवं काढून त्यांच्या हातात दिली. वन्संची बोटं आता वाकडी झाली होती, तरी त्यांनी ती नीट धरली, कानाशी नेली आणि एकमेकांवर आपटली. शेडमध्ये पंप घरघरत होते, तरी तो आवाज सगळ्यांनी ऐकला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"बरोबर मोजलंस," वन्सं म्हणाल्या. त्यांनी ती दोन्ही पाण्यात सोडली आणि पुढची दोन मागितली.